मोजणाऱ्या बायका कुठल्या रकान्यात?

नमस्कार. पत्रिकेवर माझा विषय भलताच भारदस्त छापलाय, 'प्रादेशिक संशोधन-माहिती आणि विज्ञान-तंत्रज्ञानातील स्त्रियांचा सहभाग'. फोनवर मी नुसतं "आकड्यांवर बोलेन" म्हटलं होतं. पण कार्यवाह मराठीचे शिक्षक आहेत, त्यांचा हात कोण धरणार!

समोर बऱ्याच शिक्षिका दिसताहेत, म्हणजे पुढचं तुम्हाला पाठच असेल. आनंदीबाई १८८६ला डॉक्टर झाल्या. कमला भागवत, म्हणजे पुढच्या कमला सोहोनी, बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत गेल्या तेव्हा सर सी. व्ही. रामन यांनी मुलगी म्हणून आधी नकार दिला, मग वर्षभर काम पाहू या अटीवर घेतलं. पुढे त्यांनी केंब्रिजची पीएच.डी. मिळवली. २८ फेब्रुवारी आणि ८ मार्च या दोन तारखांना हे ऐकलं नाही असं माझं एकही वर्ष गेलेलं नाही. किस्सा खरा आहे, मलाही आवडतो. पण ही दोन नावं घेतली की आपल्याला वाटतं, हिशेब चुकता झाला. त्यांच्यामागून ज्या वर्गात बसल्या आणि बसून कुठे गेल्या, त्याचा हिशेब कुणी ठेवला?

मी ठेवायचा ठरवला. निवृत्त संख्याशास्त्रवालीला दुसरा उद्योग काय! प्रश्न साधा होता. आपल्या जिल्ह्यात तालुक्यागणिक किती मुली अकरावीला विज्ञान घेतात, त्यातल्या किती बी.एस्सी.ला किंवा इंजिनिअरिंगला पोचतात आणि मधेच किती सुटतात. एका कार्यालयात अर्ज दिला. तिथले साहेब फार अदबीनं म्हणाले, "मॅडम, माहिती आहे, पण अशी नाही." मग कशी आहे? तर महाविद्यालयवार. मुलगी कुठल्या गावची, ते कागदावर येतच नाही. दुसऱ्या कार्यालयानं कळवलं, सदर माहिती या कार्यालयाशी संबंधित नाही. तिसऱ्यानं मात्र तक्ते पाठवले, पीडीएफमध्ये, आडवे स्कॅन केलेले. मी मान वाकडी करून वाचायला बसले, तर स्कॅन करणाऱ्याचा अंगठा नेमका 'मुली' या रकान्यावर आलेला. हसू नका, फाइल अजून आहे माझ्याकडे. 'मुले' आणि 'एकूण' शाबूत होते, म्हणून वजाबाकी करून मुली काढल्या. काही ओळींत उत्तर उणे आलं. म्हणजे त्या महाविद्यालयात शून्यापेक्षाही कमी मुली!

विनोद सोडा. मला हे हवं होतं एस.टी.साठी. विज्ञान घेतलं की दुपारचं प्रॅक्टिकल आलं. ते संपायची वेळ आणि आडगावची शेवटची गाडी सुटायची वेळ एकच असेल, तर ती मुलगी सेमिस्टरभर टायट्रेशनचा, म्हणजे थेंब मोजून द्रावण सोडायचा, प्रयोग अर्धवट टाकून पळते. ब्यूरेटच्या नळीतली पातळी वाचायलाही थांबत नाही, मैत्रिणीचं रीडिंग उतरवते. पुढच्या वर्षी 'आर्ट्स बरं' म्हणते. मग आपण परिसंवाद भरवतो, मुलींना विज्ञानाची आवड का नाही. गाव आणि वर्ष शेजारी ठेवलं असतं तर कळलं असतं, की काही ठिकाणी नुसतं वेळापत्रक बदलायला हवंय.

देशाचे आकडे मात्र आहेत. उच्च शिक्षणाच्या २०२१-२२च्या सर्वेक्षणात विज्ञान शाखेत ५७.२ लाख विद्यार्थी, त्यांत मुली २९.८ लाख. निम्म्याहून जास्त! आणि १ एप्रिल २०१८ रोजी संशोधन-विकासात प्रत्यक्ष काम करणाऱ्यांत स्त्रिया होत्या १६.६ टक्के. भाषणांत हे दोन आकडे जोडून 'गळती' म्हणतात. मला ते पटत नाही. एक तर छेद वेगवेगळे, एकात विद्यार्थी, दुसऱ्यात काम करणारे. शिवाय २०१८ला प्रयोगशाळेत असलेल्या बायका वीस-तीस वर्षांपूर्वी शिकल्या. तेव्हा वर्गात किती होत्या, ते सांगा, मग गळती काढू.

आता गडचिरोली. डॉ. राणी बंग आणि सहकाऱ्यांचा लेख १९८९ला 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला. वसा आणि अमिर्झा ही दोन गावं, ६५० बायका. ९२ टक्क्यांना स्त्रीरोगांपैकी काही ना काही होतं आणि त्याआधी तशी तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के. दवाखान्याच्या वहीवरून अभ्यास केला असता तर या बायका दिसल्याच नसत्या, कारण त्या दवाखान्यात गेल्याच नव्हत्या. प्रादेशिक माहिती म्हणतात ती ही.

तिथलंच एक यंत्र मला फार आवडतं. बाळाला न्यूमोनिया आहे का, हे एका मिनिटातल्या श्वासांवरून ठरतं. पण दाईला साठपर्यंत सलग मोजता येत नसेल तर? म्हणून बंग दांपत्यानं मणी आणि एक मिनिटाचं वाळूचं घड्याळ एकत्र बसवलं. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मण्यापर्यंत पोचलात तर न्यूमोनिया. पुढे ३९ गावांत थोड्या शिकलेल्या आरोग्यदूत बायकांनी घरोघरी नवजात बाळांची काळजी घेतली, नोंदी ठेवल्या. त्यांच्या १९९९च्या लेखानुसार नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले. आज आपल्या आशाताई तेच करतात. तिसऱ्या दिवशी, सातव्या दिवशी, पार बेचाळिसाव्या दिवसापर्यंत जाऊन वजन, ताप, श्वास लिहून आणतात. त्या फेऱ्यांचे मिळून २५० रुपये.

चिठ्ठी आली. पाच मिनिटं. अध्यक्ष घड्याळाकडे नाही, माझ्याकडे बघताहेत, हे जास्त गंभीर.

तर जे सांगायला आले होते ते भराभर सांगते. आपल्या भागाची बरीचशी आरोग्य-माहिती, पोषणाची माहिती बायका गोळा करतात. विज्ञानातल्या स्त्रियांची मोजणी होते तेव्हा त्या कुठल्याच रकान्यात नसतात. 'मानधन' या शीर्षाखाली असतात. त्यांना शास्त्रज्ञ म्हणा असं मी म्हणत नाही. पण नोंद कुणी केली हे माहितीसोबत टिकलं पाहिजे आणि त्या नोंदींवर लेख छापलात तर निदान निष्कर्ष त्यांना मराठीत वाचून दाखवा. दुसरं, प्रवेशाचा आकडा पुरे झाला. तीच मुलगी तीन वर्षांनी कुठे आहे ते लिहा. इंजिनिअरिंगचा एकच टक्का सांगू नका, संगणक वेगळा, मेकॅनिकल वेगळं. तिसरं, गाव लिहा. नाव गुप्त ठेवा, गाव लिहा.

सरकारची वाट बघायची गरज नाही. इथे महाविद्यालयाच्या प्राचार्यबाई बसल्या आहेत. बाई, तुमच्याकडे जनरल रजिस्टर आहे, त्यात मूळ गाव असतं. शेजारी शेवटच्या गाडीची वेळ लिहायला एक कोरा रकाना पाडा. बाकी बेरजा मी करते. फक्त स्कॅन करून पाठवू नका.