खुर्च्या नसलेलं दुकान

नमस्कार, श्रोतेहो. आज मी तुमच्याशी तळलेल्या कोंबडीबद्दल बोलणार आहे. खरं तर कोंबडीबद्दल कमी आणि शहरांबद्दल जास्त. एखादी मोठी साखळी नव्या शहरात दुकान थाटते तेव्हा आपण म्हणतो, हे शहर अवघड आहे. जागेचं भाडं भारी, स्पर्धा भारी. ती कारणं आहेतच. पण मला वाटतं, सगळ्यांत अवघड असतं ते खाण्यापिण्याचं मुरलेलं शहर. आपल्याला काय आवडतं, कुठे बसून आवडतं आणि कितीला परवडतं, हे त्याचं कधीच ठरलेलं असतं. केएफसीला, म्हणजे केंटकी फ्राइड चिकन या तळलेल्या कोंबडीच्या अमेरिकी साखळीला, हे तीन शहरांनी तीन वेळा शिकवलं.

सुरुवात मात्र एका पेट्रोल पंपावरची. १९३० साली अमेरिकेच्या केंटकी राज्यात, कॉर्बिन गावात, केएफसीचे जनक हारलँड सँडर्स पंप चालवायचे. लांबच्या प्रवासातली माणसं तिथे थांबायची, भुकेली असायची. सँडर्सनी त्यांना आपल्याच राहत्या जागेतल्या जेवणाच्या टेबलाशी बसवून खाऊ घालायला सुरुवात केली. हे टेबल लक्षात असू द्या, पुढे त्याचं काम पडणार आहे.

कोंबडी लोखंडी तव्यात नीट तळायची तर अर्धा तास जायचा. वाटसरू तेवढा थांबत नाही, आणि आधीच तळून ठेवली तर ती वातड होते. १९३९च्या सुमारास बाजारात प्रेशर कुकर आले. आपण ज्यात डाळ-भात लावतो, त्याच जातीच्या भांड्यात सँडर्सनी तेल घालून कोंबडी तळली. (घरी हा प्रयोग कृपा करून करू नका. त्यासाठी वेगळी, जाड बांधणीची यंत्रं असतात.) आतला दाब वाढला की मांसातलं पाणी सहजासहजी वाफ होऊन उडून जात नाही. त्यामुळे तुकडा काही मिनिटांत शिजतो, बाहेरून कुरकुरीत आणि आत रसाळ राहतो. केएफसीच्या ११ मसाल्यांच्या गुप्त मिश्रणाचा गाजावाजा फार झाला. माझ्या मते खरी किमया या कुकरची. आणि त्याच्या जोडीला शिस्तीची. एका पक्ष्याचे ९ तुकडे, आणि पक्षी साधारण एकाच वजनाचे. एक मोठा नि एक लहान आला, तर त्याच घाण्यातला एक करपणार आणि दुसरा हाडापाशी कच्चा राहणार. १९५२ साली सॉल्ट लेक सिटीमध्ये या पद्धतीचं पहिलं परवानाधारक दुकान निघालं आणि साखळी वाढत गेली.

आता चला हाँगकाँगला. १९७३च्या जूनमध्ये कंपनीने तिथे पहिलं दुकान उघडलं. पुढच्या वर्षापर्यंत अकरा झाली. आणि १९७५चा फेब्रुवारी संपेपर्यंत अकराच्या अकरा बंद.

असं का व्हावं? चिनी माणूस काही कोंबडी न खाणारा नव्हे. तो तर कोंबडीचा पक्का पारखी. बाजारात जिवंत पक्षी हाताने चाचपून घ्यायचा, ताजा कापून घ्यायचा, ही तिथली रीत. आणि अडचण नेमकी तिथेच आली. कंपनीने पक्षी तिथलेच घेतले, पण त्यांच्या खाद्यात मासळीची भुकटी असायची, आणि तो वास मांसात उतरायचा. केंटकीचा मसाला वरून लागला, पण खालची चव बदललेली. शिवाय तिथल्या खिशाला तो भाव जड होता. जाहिरात सांगत होती, बोटं चाटत राहाल. हाताने खाऊन बोटं चाटणं तिथल्या लोकांना रुचलं नाही.

पण मला सगळ्यांत बोलकी वाटते ती वेगळीच गोष्ट. त्या दुकानांत बहुतेक ठिकाणी बसायची सोयच नव्हती. अमेरिकेत माणूस मोटारीतून येतो, तळलेल्या कोंबडीची बादली उचलतो आणि घरी जातो. हाँगकाँगच्या माणसाचं घर लहान, मोटार नाही. तो बाहेर खातो तो चार जणांत बसायला, चहाबरोबर गप्पा मारायला. त्याने गरम पुडकं हातात घेऊन जायचं कुठे? ज्या धंद्याची सुरुवात परक्या माणसाला आपल्या जेवणाच्या टेबलाशी बसवण्यातून झाली, तो समुद्रापलीकडे गेला आणि टेबलच घरी विसरून गेला. १९८५ साली कंपनी हाँगकाँगला परतली, ती खुर्च्या-टेबलं मांडूनच.

बीजिंगची गोष्ट थोडक्यात सांगतो, कारण तिथे धडा आधीच घेतलेला होता. १२ नोव्हेंबर १९८७ रोजी छ्येनमेन भागात, थ्येनआनमेन चौकाजवळ, तीन मजली दुकान उघडलं, सुमारे ५०० जण बसतील एवढं. स्थानिक पशुपालन आणि पर्यटन क्षेत्रातल्या सरकारी संस्था भागीदार होत्या. थंडीत बाहेर रांगा लागल्या. पुढे तिथे सकाळी तांदळाची पेज मिळू लागली. आज चीनमध्ये त्यांची १०,०००हून अधिक दुकानं आहेत.

आणि आता आपलं बंगळुरू. जून १९९५. उदारीकरणाला चार वर्षं झाली होती. ब्रिगेड रोडवर केएफसीचं भारतातलं पहिलं दुकान सुरू झालं. खुर्च्या होत्या, वातानुकूलन होतं, तरुण गिऱ्हाईकही होतं. पण या शहराची हरकत निराळी होती. कर्नाटक राज्य रयत संघाने, म्हणजे तिथल्या शेतकरी संघटनेने, एम. डी. नंजुंडस्वामी यांच्या नेतृत्वाखाली विरोध उभा केला. सप्टेंबरमध्ये महापालिकेने अजिनोमोटोचं प्रमाण मर्यादेपेक्षा जास्त असल्याचं सांगून परवाना रद्द केला. उच्च न्यायालयाने दुकान चालू ठेवू दिलं. मग ३० जानेवारी १९९६ला, गांधीजींच्या पुण्यतिथीला, रयत संघाच्या कार्यकर्त्यांनी आत घुसून तोडफोड केली.

तोडफोड मला मान्य नाही, आणि त्या दिवशी तर मुळीच नाही. पण तिच्यामागचा प्रश्न त्या वेळी वर्तमानपत्रांत ‘परदेशी विरुद्ध देशी’ एवढ्यावरच आटोपला, याचं मला आजही वाईट वाटतं. ते शेतकरी सांगत होते की मोठ्या प्रमाणावर कोंबडी लागली की मका आणि सोयाबीन तिच्या खाद्यासाठी लागणार, माणसाच्या धान्याची जमीन तिकडे वळणार, आणि चार पक्षी पाळणारा छोटा माणूस या व्यवहारातून बाहेर पडणार. हे दुकानाच्या काचेवर दगड मारून सुटणारं नव्हतं. काच बदलूनही सुटणारं नव्हतं.

त्यानंतर कित्येक वर्षं ही साखळी भारतात फारशी वाढली नाही. २०००नंतर ती नव्याने पसरली, शाकाहारी बर्गर आणि भाताचे पदार्थ घेऊन. आज तिची देशात हजाराहून जास्त दुकानं आहेत. खाणाऱ्याचं म्हणणं तिने ऐकलं, हे मान्य करायला हवं.

पिकवणाऱ्याचं काय झालं? ब्रॉयलरच्या, म्हणजे मांसासाठी वाढवलेल्या कोंबड्यांच्या, धंद्यात आता करार पद्धत रुळली आहे. कंपनी पिल्लं, खाद्य आणि औषध पुरवते. शेड, पाणी, वीज आणि रात्रंदिवसाची राखण शेतकऱ्याची. पक्षी त्याचा नसतो, त्याला मिळतो तो किलोमागे वाढवण्याचा मोबदला. मरतुक जास्त झाली किंवा खाद्य जास्त लागलं की मोबदला घटतो. पाच-सहा आठवडे झाले की पक्षी उचलायला गाडी येते, बहुधा रात्री, उन्हाचा त्रास टाळायला. अंधारात पक्षी धरले जातात, जाळीच्या पेट्यांत भरले जातात, पेटी काट्यावर चढते. काट्याशेजारी बॅटरीच्या उजेडात शेतकरी उभा असतो आणि प्रत्येक पेटीचं वजन आपल्या वहीत लिहून घेत असतो. भाव विचारायची वेळ त्याच्यावर येतच नाही. तो करारात आधीच लिहिलेला असतो.

नमस्कार.