बाटली हलवून घ्या

पत्रिकेत विषय छापला आहे 'अगाथा ख्रिस्ती : कारकीर्द आणि कादंबऱ्या'. रहस्यकादंबऱ्या ६६, मला दिलेला वेळ ४० मिनिटं. म्हणजे एका कादंबरीच्या वाट्याला छत्तीस सेकंद येतात. तेवढ्यात तर नुसता खूनही होत नाही. तेव्हा सगळ्या पुस्तकांची यादी माझ्याकडून ऐकायला मिळणार नाही. आणि १९२६च्या डिसेंबरात ती अकरा दिवस बेपत्ता झाली होती, त्याबद्दलही आज प्रश्न नकोत. तिच्यावरच्या कुठल्याही गप्पांची निम्मी वेळ ते अकरा दिवस खातात.

माझा मुद्दा एकच आहे. ही बाई लेखिका होण्याआधी कंपाउंडर होती आणि अखेरपर्यंत कंपाउंडरच राहिली. तिच्या पुस्तकांत विषं फार, हे सगळेच सांगतात. विष कुणालाही सुचतं हो. डोस किती, तो पोटात कधी जाणार आणि त्या वेळी देणारा कुठे असणार, हा हिशेब कुणालाही जमत नाही. तो तिला कसा जमला, ते सांगायचं आहे. शेवटी येते त्यावर.

जन्म १८९०चा, इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर टॉर्कीला. १९१४ साली युद्ध सुरू झालं, तेव्हा तिथल्या टाउन हॉलमध्ये इस्पितळ उघडलं आणि ही स्वयंसेवक परिचारिका झाली. रेडक्रॉसच्या नोंदीत तिचं बिनपगारी काम ३,४०० तासांचं आहे. मग औषधखान्यात बदली, पगार वर्षाला १६ पौंड. १९१७ मध्ये ती अपोथिकरीज सोसायटीची, म्हणजे औषधं बनवणाऱ्यांच्या संस्थेची, परीक्षा पास झाली. तयार गोळ्यांच्या पट्ट्यांच्या आधीचा तो काळ. डॉक्टर चिठ्ठी लिहायचे आणि औषध कंपाउंडरनं हातानं बनवायचं. खलायचं, मोजायचं, गाळायचं, बाटलीत भरायचं, लेबल चिकटवायचं. आपल्याकडच्या ज्येष्ठांना आठवत असेल : लाल मिक्श्चर, बाटलीवर कातरलेली कागदाची पट्टी, एका खाचेला एक डोस, आणि खिडकीतून कंपाउंडरकाकांचा आवाज, "बाटली हलवून घ्या हं". ते वाक्य लक्षात ठेवा. आजचं सगळं व्याख्यान त्यावर उभं आहे.

आता एक प्रसंग, तिच्या आत्मचरित्रातला. परीक्षेआधी ती गावातल्या एका नामांकित औषधविक्रेत्याकडे शिकायला जायची. तो एकदा तिला सपोझिटरी बनवायला शिकवत होता. सपोझिटरी म्हणजे... समोर लहान मुलं बसली आहेत, तर 'तोंडाने न घ्यायची वडी' एवढंच म्हणते. कोको बटर वितळवायचं, त्यात औषध कालवायचं, साच्यात ओतायचं. काम नाजूक असतं. कोको बटर साधारण ३४ अंशांना वितळतं, म्हणजे अंगाच्या उष्णतेला वडी विरघळणार. पण वितळवताना जास्त तापलं तर नंतर धड गोठत नाही, आणि फार गार करून ओतलं तर वडीला आकार येत नाही. हे सगळं त्या गृहस्थांनी सफाईनं दाखवलं. औषधाचं प्रमाण हवं होतं शंभरात एक. त्यांनी हिशेब केला आणि हिनं पाहिलं, दशांश चिन्ह एक घर चुकलंय. वड्यांत दसपट औषध!

आता करायचं काय? ही शिकाऊ मुलगी, समोर गावातला सर्वांत अनुभवी माणूस, आणि स्वभाव असा की चूक दाखवलेली खपायची नाही. वड्या तर गार होऊन डब्यात, तिथून दुकानात आणि गिऱ्हाइकाकडे जाणार. तिनं काय करावं? ठेच लागल्यासारखं केलं, वड्यांची फळी उलथवली आणि वड्यांवर पाय दिला. घट्ट. मग म्हणाली, माफ करा हं, धक्का लागला. ते वाकून बघताहेत, ही एक बरी दिसतेय. ही म्हणते, छे, घाण झाली, आणि सगळ्या केराच्या टोपलीत. गोड बोलून एक माणूस वाचवला, दुसऱ्याचा मान राखला आणि पुरावा नष्ट केला. हिला रहस्यकथा लिहायला शिकवायची काय गरज होती?

याच माणसाच्या खिशात क्युरारेचा खडा असायचा. बाणाला लावायचं ते विष. तो जवळ असला की आपल्या हातात ताकद आहे असं वाटतं, असं त्यानं तिला सांगितलं. हा माणूस आपल्याला शेवटी पुन्हा भेटणार आहे.

दशांश चिन्हावरून आठवलं. इस्पितळात मापं जुनी होती, ग्रेन, ड्राम, औंस, आणि हा गृहस्थ मेट्रिकचा भक्त. तिचं म्हणणं, मेट्रिकमध्ये चूक झाली की दसपट होते. आपल्या मापांनाही हे लागू पडतं. आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा. तिथे एक टिंब घसरून दसपट व्हायची सोय नाही. तोळा १८० ग्रेनचा, म्हणजे एक ग्रेन गुंजेच्या निम्म्याहून थोडा जास्त. आजच्या मापात ६५ मिलिग्रॅम. हा आकडा हाताशी ठेवा, लगेच लागणार आहे.

पहिली कादंबरी, 'द मिस्टीरियस अफेअर अ‍ॅट स्टाइल्स'. १९१६ मध्ये लिहिली, अनेक प्रकाशकांकडून साभार परत येऊन १९२० मध्ये अमेरिकेत निघाली. खुनी कोण ते सांगणार नाही, शंभर वर्षं झाली तरी. बाटलीचं मात्र सांगणार.

घरातली श्रीमंत वृद्धा रोज एक टॉनिक घेते. त्यात स्ट्रिक्नीन आहे, अगदी थोडं, तेव्हाच्या वैद्यकाला मान्य असं. औषधशाळेतल्या पाठ्यपुस्तकात असल्या मिश्रणाचा इशाराच दिलेला असे : स्ट्रिक्नीन सल्फेट १ ग्रेन, पोटॅशियम ब्रोमाइड ६ ड्राम, पाणी मिळून ८ औंस. अर्ध्या औंसाचा डोस धरा. सोळा डोस होतात, दर डोसात ४ मिलिग्रॅम. बिघडत काही नाही. पण स्ट्रिक्नीनचं सल्फेट पाण्यात विरघळतं, आणि ब्रोमाइडशी जुळून स्ट्रिक्नीनचा जो क्षार बनतो तो त्यामानाने फारच कमी. त्यात पाण्यात ब्रोमाइड मुबलक असलं की तो आणखीच बाहेर पडतो. काही तासांत पारदर्शक स्फटिक तळाशी. वरचे डोस जवळपास नुसतंच पाणी, आणि तळाच्या खाचेत जवळजवळ पूर्ण ग्रेन, ६५ मिलिग्रॅम. मोठ्या माणसाचा जीव जायला तेवढं पुरतं.

म्हणजे खुन्यानं विष घातलंच नाही. विष डॉक्टरांच्या चिठ्ठीनं, कायदेशीर, बाटलीत होतंच. त्यानं घातली घरातलीच झोपेची ब्रोमाइडची पूड. आणि बाटली हलवली असती तर त्या बाई वाचल्या असत्या! चव कळली नाही का, असं पहिल्या रांगेतून कुणीतरी पुटपुटलं. स्ट्रिक्नीन भयंकर कडू असतं, खरं आहे. पण टॉनिकही कडूच. कडवटपणा लपवायला कडू औषधासारखी जागा नाही.

आणि ते झाड आपल्या दारात आहे बरं. स्ट्रिक्नीन येतं काजऱ्याच्या बियांतून, आयुर्वेदातला कुचला. कोकणात, सह्याद्रीच्या उतारावर भरपूर. नारिंगी फळ, आत गोल चपट्या करड्या बिया, कोटाच्या बटणासारख्या. धनेश त्या फळातला गर खातो आणि बिया टाकून देतो. वैद्य तीच बी गोमूत्रात, दुधात, तुपात शोधन करून वापरतात. पक्ष्याला आणि वैद्याला कळतं, ते मालिकांच्या लेखकांना कळत नाही. ही माझी जुनी तक्रार. मालिकेत घोट घेतला की पेला पडतो आणि माणूस आडवा, वर बासरी. स्ट्रिक्नीनला पंधरा-वीस मिनिटं तरी लागतात. मज्जारज्जूत स्नायूंना 'थांब' सांगणारा ग्लायसिन नावाच्या रसायनाचा निरोप अडतो. मग साध्या आवाजानं, नुसत्या स्पर्शानं झटके येतात, शरीर धनुष्यासारखं ताणलं जातं, श्वासाचे स्नायू आखडतात, आणि माणूस शुद्धीवर असतो. ख्रिस्तीनं हे बरोबर लिहिलं होतं. औषधविक्रेत्यांच्या नियतकालिकानं या पुस्तकाची तारीफ केली, तिचा तिला फार आनंद झाला.

चिठ्ठी आली. सात मिनिटं. मागे कपांचा आवाज मलाही येतोय. बरं, कारकीर्द सात मिनिटांत.

मूळ मुद्दा वेळेचा. सुरी मारायला हात तिथे लागतो. विषाला लागत नाही. तळाशी बसलेलं विष पेरून ठेवता येतं आणि डोस संपायच्या दिवशी आपण दुसरीकडे राहता येतं. मात्र कंपाउंडरला आणखी एक गोष्ट ठाऊक असते : रोगी डोस चुकवतो. 'स्टाइल्स'मध्ये बाई एका संध्याकाळी औषध घ्यायला विसरतात, बेत एक दिवस पुढे जातो, आणि त्यापायी खुन्याला एक चिठ्ठी लिहावी लागते. तीच त्याला भोवते.

यावरून तिची पुस्तकं विषाच्या घड्याळानं लावून पाहा. सायनाइड झटपट मारतं, पेरून ठेवायला सवड नाही. म्हणून 'स्पार्कलिंग सायनाइड', १९४५, यात सगळा खेळ टेबलाभोवती कोण कुठे बसलं याचा. 'अ पॉकेट फुल ऑफ राय', १९५३ : यू झाडातलं टॅक्सिन, घातलंय मार्मलेडमध्ये. घरात मार्मलेड घरचा मालक एकटाच खातो, न्याहारी घरी, झटका ऑफिसात. पुन्हा बाटलीच ती, फक्त बरणी झाली. 'सॅड सायप्रेस', १९४०, हे तर लेबलाचंच पुस्तक. फाटक्या तुकड्यावर 'मॉर्फिन' दिसतं, पण पहिलं अक्षर छोटं आहे, इंग्रजी लेबलावर शब्दाची सुरुवात मोठ्या अक्षरानं व्हायला हवी. म्हणजे त्याच्या आधी काहीतरी फाटलंय. शब्द आहे अ‍ॅपोमॉर्फिन, आणि अ‍ॅपोमॉर्फिननं माणूस उलटी करतो. कोण, का, ते वाचा. दिवसभर लेबलं चिकटवलेल्या माणसालाच हे सुचेल.

आपल्या बाबूराव अर्नाळकरांनी हजारांवर रहस्यकथा लिहिल्या, पण त्यांच्याकडे वेग आहे. तुलना करायला आज वेळ नाही, आणि तुलना अन्यायाचीच होईल.

शेवटचं, 'द पेल हॉर्स', १९६१. विष थॅलियम : क्षाराला रंग नाही, चव नाही, लक्षणं निरनिराळ्या आजारांसारखी, आणि केस गळायला दोनेक आठवडे जातात. इथे ज्याला खून हवाय, तो घराच्या आसपासही फिरकत नाही. रोजच्या वापरातल्या वस्तू कुणी अनोळखी माणूस बदलून जातो. 'स्टाइल्स'मध्ये हात आणि मरण यांच्यात काही दिवसांचं अंतर होतं, इथे दोघांची ओळखच उरलेली नाही. आणि या सगळ्याच्या मुळाशी जो माणूस आहे, तो तिनं खिशात क्युरारे बाळगणाऱ्या त्या शिक्षकावरून घेतला. मधे चार दशकांहून जास्त काळ गेला होता.

१९७७ मध्ये लंडनच्या हॅमरस्मिथ इस्पितळात कतारहून आणलेलं एकोणीस महिन्यांचं बाळ होतं. निदान होईना. एक परिचारिका हीच कादंबरी वाचत होती. बाळाचे केस गळताहेत हे पाहून तिनं डॉक्टरांना थॅलियम तपासायला सांगितलं. थॅलियमच निघालं.

वेळ संपली. चहा घ्या, साखर ढवळून.