सहा की दहा?

(ठाणे स्टेशन, संध्याकाळची गर्दी, पुलावरून दिसणारे प्लॅटफॉर्म)

"प्लॅटफॉर्म क्रमांक..." उद्घोषणा होते आणि पुढचा शब्द गर्दीत विरून जातो. सहा की दहा? वाशी-पनवेलची गाडी दहावरून सुटते, सहावरून नाही. काका पुलावरच थांबतात आणि बायकोच्या तोंडाकडे बघतात. गेली चार-पाच वर्षं हे असंच चाललंय. विचारलं तर म्हणतात, "मला ऐकू येतं हो. तुम्हीच लोक नीट बोलत नाही."

यातलं पहिलं वाक्य खरं आहे.

(नौपाडा. ऑडिओलॉजिस्टच्या दवाखान्यातली लहानशी, जाड दाराची खोली)

आधी कानात बॅटरी मारून मळ बघितला जातो. कधीकधी सगळा आजार तेवढाच असतो. काकांचा कान स्वच्छ निघाला. मग कानावर हेडफोन, हातात बटण. "काका, आवाज अगदी बारीक आला तरी दाबायचं हं."

२५० हर्ट्झच्या घुमणाऱ्या आवाजापासून ८००० च्या किणकिणाटापर्यंत एकेक सूर वाजतो. कागदावर उजव्या कानाचे लाल गोल, डाव्या कानाच्या निळ्या फुल्या. या आलेखात गोल जितका खाली, तितकं ऐकणं कमी. काकांची रेघ डावीकडे ठीक चालते आणि ३००० च्या पुढे घाट उतरावा तशी खाली येते.

'सहा' या शब्दातला 'आ' भरदार, खालच्या पट्टीतला. 'स' म्हणजे नुसती वाऱ्याची सळसळ, बरीचशी ४००० हर्ट्झच्या वरची. काकांच्या कानातून ती सळसळ निसटते. हातात उरतं फक्त '-हा'. बाकीचं मेंदू अंदाजाने भरतो. शांत घरात अंदाज बरोबर येतो, गर्दीत चुकतो. म्हणून आवाज येतो, शब्द कळत नाही.

काकांनी २९ वर्षं वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्याच्या प्रेस शॉपमध्ये, पत्रा दाबणाऱ्या यंत्रांच्या दणदणाटात काढली. कानात कापसाचा बोळा. त्या बोळ्याने आवाज फारसा अडत नाही, मनाचं समाधान तेवढं होतं. दिवसाला किती आवाज किती वेळ चालेल, याचा श्रवणतज्ज्ञांचा हिशेब असा: ८५ डेसिबलमध्ये आठ तास, ८८ मध्ये चार, ९१ मध्ये दोनच. कानाच्या आतल्या शंखात आवाज टिपणाऱ्या साधारण १५ हजार केसपेशी असतात. गेल्या की माणसाला त्या परत येत नाहीत.

आणि कारखानाच कशाला? दहीहंडीला स्पीकरच्या भिंतीसमोर लहान पोरं खांद्यावर घेऊन उभे राहणारे आपणच. याच ठाण्यातल्या डॉ. महेश बेडेकर यांच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने २०१६ साली ध्वनिप्रदूषणाबद्दल सविस्तर निकाल दिला. निवासी भागात दिवसा ५५, रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा तर २००० सालच्या नियमांतच आहे. कागदावर.

(बाहेरचा बाक. कळव्याहून आलेली एक आई, मांडीवर सात महिन्यांचं बाळ)

आता सगळा दवाखाना हळू आवाजात बोलतोय, कारण हे बाळ झोपायला हवं. बेरा नावाची ही चाचणी झोपेत करतात. कपाळावर आणि कानांमागे चिकटवलेल्या तारा आवाजाला मेंदूकडून मिळणारा प्रतिसाद टिपतात. बाळ हललं तर सगळं पुसट होतं. दूध पाजून झालं, खांद्यावर थोपटून झालं. बाळ टक्क जागं.

आजी म्हणतात, "थाळी वाजवली की वळतो की! आमच्या घराण्यात मुलं उशिराच बोलतात."

थाळीची परीक्षा घरोघर होते आणि घरोघर फसवते. थाळी दणक्यात वाजते, बाळाला हात हललेला दिसतो, जमिनीतून हादराही पोचतो. हळू बोललेलं पोचतं का, ते थाळी सांगत नाही. निरोगी कानात आवाज सोडला की कान स्वतः एक अतिसूक्ष्म आवाज परत पाठवतो. १९७८ साली डेव्हिड केम्प यांनी हे दाखवलं आणि त्यावरून नवजात बाळांची काही मिनिटांची ओएई तपासणी आली. पहिल्या महिन्यात तपासणी, तिसऱ्यापर्यंत निदान, सहाव्यापर्यंत उपचार सुरू, असा त्याचा नेम. या बाळाचे सहा महिने उलटून गेलेत. आजींना हे कोणी सुनावत नाही. सुनावून काय होणार?

पावणेदोन वाजता बाळ झोपतं.

(पडद्यावर रेषा. ८० डेसिबलपर्यंत सपाट, म्हणजे तोवर प्रतिसाद नाही)

आधी दोन्ही कानांना ऐकण्याचं मशीन. त्यांचा पुरेसा उपयोग झाला नाही, तर कॉक्लिअर इम्प्लांटचा, म्हणजे शस्त्रक्रियेने आतल्या कानात बसवायच्या यंत्राचा विचार. पात्र कुटुंबातल्या लहान मुलांना त्यासाठी केंद्राच्या एडिप या दिव्यांगांना साधनं देणाऱ्या योजनेतून मदत मिळते, आणि ते काम १९८३ साली स्थापन झालेली, वांद्रे रेक्लमेशनवरची अली यावर जंग ही श्रवणदोषांवर काम करणारी संस्था बघते.

(पंधरा दिवसांनी)

काका आपल्या नव्या मशीनची तक्रार घेऊन आलेत. "पेपर उलटला तरी केवढा आवाज! वाट्या आपटल्यासारख्या वाटतात." ऑडिओलॉजिस्ट हसतात, मशीन कंप्युटरला जोडतात, थोडं कमी करतात, पण फार नाही. मेंदूला या आवाजांची सवय सुटलेली असते, ती परत लागायला काही आठवडे जातात. पावसाळ्यात मशीन रात्री सिलिका जेलच्या डबीत ठेवा, एवढं बजावून ते पुढच्या खुर्चीकडे वळतात.

तिथे बाळाच्या कानात गुलाबी पेस्ट भरून साचा घेणं चाललंय. आईचा पहिला प्रश्न, "आंघोळीच्या वेळी काढायचं ना?"

काढायचं. आणि कान वाढतो तसा साचा सैल होतो, मशीन शिट्टी मारायला लागतं, म्हणून काही महिन्यांनी नवा साचा. आई मोबाइलमध्ये तारीख टाकते. दिवाळीच्या आधीची.