झाकण उघडं राहिलं तेवढ्यात

(कॅमेरा फरशीपासून दोन फुटांवर. हळूहळू पुढे सरकतो.)

दीड वर्षाच्या मुलाला घर असं दिसतं. बेसिनखालच्या बाटल्या अगदी हाताशी. पलंगावर ठेवलेली पाहुण्यांची पर्स नाकासमोर. या वयात वस्तूची ओळख होते ती तोंडात घालून, त्यामुळे कडू, तिखट, उग्र हे कळेपर्यंत एखादा घोट आत गेलेला असतो.

बाटल्या उंचावर ठेवा, कपाटाला कुलूप लावा, हे सगळेच सांगतात आणि ते खरंच आहे. पण अपघात बरेचदा होतो तो वस्तू फळीवरून खाली आलेली असताना. फरशी पुसायला काढलेली बाटली, तेवढ्यात वाजलेली दाराची बेल, आणि झाकण नुसतं वर टेकवलेलं. दाबून फिरवायच्या झाकणावरही फार विसंबू नका. अमेरिकेत १९७० च्या कायद्यानंतर अशी झाकणं सक्तीची झाली, पण त्यांच्या चाचणीची अट एवढीच, की पाच वर्षांखालच्या किमान ८५ टक्के मुलांना ते पहिल्या पाच मिनिटांत उघडता येऊ नये. उरलेल्यांना उघडता येतं. आणि झाकण शेवटपर्यंत फिरवलं नसेल, तर कुणालाही येतं.

(जवळून: पाण्याची जुनी बाटली. आत पारदर्शक द्रव. लेबल नाही.)

हे रंग पातळ करायचं थिनर आहे. रॉकेल, टर्पेंटाईनही याच जातीचं. पोटात गेलेल्या घोटापेक्षा याचा धोका फुप्फुसाला जास्त. हे द्रव इतके पातळ आणि पसरणारे, की गिळताना ठसका लागला तर थेंबभरही श्वासनलिकेतून खोलवर उतरतो आणि फुप्फुसाचा दाह सुरू होतो. मूल आधी खोकतं, मग श्वास जलद होतो, फासळ्यांखाली खळगा पडू लागतो. ही लक्षणं दिसायला काही तास लागू शकतात, म्हणून मूल खेळत असलं तरी डॉक्टर किमान सहा तास नजरेखाली ठेवतात.

अशा वेळी घरातलं कुणीतरी हमखास म्हणतं, “बोटं घाल, उलटी काढ.” कृपा करून असं करू नका. उलटीबरोबर तेच थिनर पुन्हा घशाशी येतं आणि फुप्फुसात जायला त्याला दुसरी संधी मिळते. संडास साफ करायचं ॲसिड असेल तर वर येताना ते अन्ननलिका दुसऱ्यांदा भाजतं. मिठाचं पाणी तर त्याहून वाईट. रक्तातलं सोडियम एकदम चढून मुलं दगावलेली आहेत. उलटीसाठी पूर्वी इपेकॅक सिरप घरात ठेवायला सांगत. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २००३ मध्ये तो सल्ला मागे घेतला.

(जवळून: तळहातावर २० मिलिमीटरचा बटण सेल.)

रिमोटमधला हा सेल अन्ननलिकेत अडकला, की तिच्या ओल्या आतल्या आवरणातून वीज वाहू लागते आणि सेलच्या ऋण बाजूला तीव्र अल्कली, म्हणजे ॲसिडसारखंच भाजणारं रसायन, तयार होते. दोन तासांत खोल जखम होऊ शकते. रिमोट चालत नाही म्हणून काढून टेबलावर ठेवलेला सेलही घातकच, कारण त्यात एवढं करायला पुरेशी वीज शिल्लक असते. गिळताना बहुधा कुणी पाहिलेलं नसतं. लाळ गळते, मूल खायला नको म्हणतं, खोकतं, आणि सर्दी समजून दिवस जातो. शंका आली की लगेच एक्स-रे असलेल्या रुग्णालयात न्या. मूल एक वर्षापेक्षा मोठं असेल, गिळू शकत असेल आणि सेल गेल्या बारा तासांत गिळलेला असेल, तर वाटेत दर दहा मिनिटांनी दोन चमचे, म्हणजे १० मिलिलिटर मध द्या, जास्तीत जास्त सहा वेळा. मधाने जखम वाढण्याचा वेग कमी होतो. मध शोधण्यात मात्र एक मिनिटही घालवू नका. दुसरं काही खायला-प्यायला देऊ नका.

गोळ्यांमध्ये आम्हाला सर्वात जास्त काळजी वाटते ती लोहाच्या गोळ्यांची. त्या गोड आवरणाच्या, रंगीत असतात, आणि आई गरोदर असेल तर त्या घरात असतातच, शिवाय तेव्हा मोठं मूलही लहानच असतं. दहा किलोच्या मुलाने प्रत्येकी ६० मिलिग्रॅम लोहाच्या दहा गोळ्या खाल्ल्या, तर ते किलोमागे ६० मिलिग्रॅम होतं. एवढ्याने जीव धोक्यात येतो. आधी उलट्या, जुलाब. मग काही तास मूल सावरल्यासारखं दिसतं, घरचे निर्धास्त होतात, आणि त्यानंतर रक्तदाब कोसळतो, यकृत निकामी होऊ लागतं. मधुमेहाच्या काही गोळ्यांपैकी तर एकही घातक ठरू शकते. रक्तातली साखर कित्येक तासांनी उतरू शकते.

(घड्याळ. पाकीट. रिकामे कप्पे मोजणारं बोट.)

तोंडात उरलेलं बोटाने पुसून काढा. कपड्यावर सांडलं असेल तर कपडे उतरवून अंग धुवा. डोळ्यात गेलं असेल तर साध्या पाण्याची धार किमान पंधरा मिनिटं. गुंगी असेल तर कुशीवर झोपवा, तोंडावाटे काहीही देऊ नका. श्वास अडखळत असेल किंवा झटके येत असतील तर आधी रुग्णवाहिका. नाहीतर विषबाधा माहिती केंद्राला किंवा डॉक्टरांना फोन करा आणि निघा.

पाकीट बरोबर घ्याच, रिकामं असलं तरी. ३०० मिलिग्रॅम फेरस सल्फेटमध्ये लोह साधारण ६० मिलिग्रॅमच असतं, आणि हा हिशोब डॉक्टरांना लेबलवरूनच करता येतो. पाकिटात किती गोळ्या होत्या, किती उरल्या, किती वाजता, आणि मुलाचं वजन किती. एवढं कागदावर लिहून हातात द्या.