ग्रास कटरला कुठलं ऑइल? आधी किती ओतताय ते सांगा!

नमस्कार मंडळी. पाऊस लागला, सोसायट्यांमधलं गवत गुडघ्याला आलं आणि कमेंटमध्ये पुन्हा तेच सुरू: "दादा, ग्रास कटरला बेस्ट ऑइल कुठलं?"

पटकन उरकतो. टू-स्ट्रोक मशीनला टू-टी ऑइल, ते पेट्रोलमध्येच मिसळायचं. मशीनवर ५०:१ लिहिलंय? लिटरला २० मिली. २५:१? मग ४० मिली. फोर-स्ट्रोकला पेट्रोल साधं, ऑइल इंजिनात वेगळं. बहुतेकांना एसएई ३० किंवा १० डब्ल्यू ३० ग्रेडचं (ग्रेड म्हणजे ऑइलच्या दाटपणाचा आकडा). बर्फातल्या थंडीसाठीचं महागडं ऑइल मुंबईत कशाला हवंय? ब्रँडवरून भांडू नका, मॅन्युअलमधला ग्रेड जुळला की झालं.

आता खरं दुखणं. मुलुंडच्या एका सोसायटीतून बोलावणं आलं. लॉन मोवर सुरू केला की नुसता पांढरा धूर. सेक्रेटरी काका म्हणे, "ऑइल डुप्लिकेट आहे." एअर फिल्टरचं झाकण उघडलं तर आतला स्पंज ऑइलने निथळतोय! माळीमामांनी लिटरची अख्खी बाटली रिकामी केली होती. त्या इंजिनाला लागतं साडेसहाशे मिली.

यावर एकाची कमेंट: "जास्त असलेलं बरं, इंजिनला ताकद येते." अहो, इंजिन आहे ते, बाळंतीण नव्हे! जादा ऑइल आत घुसळून फेसाळतं, आणि फेसाने वंगण होत नाही. वर ते ब्रीदरमधून, म्हणजे इंजिनातली कोंडलेली हवा बाहेर सोडणाऱ्या वाटेतून, एअर फिल्टरमध्ये, तिथून कार्ब्युरेटरमध्ये जातं आणि जळतं. तोच तुमचा धूर. खांद्यावरच्या छोट्या फोर-स्ट्रोक ब्रश कटरला तर जेमतेम १०० मिली लागतं. तिथे 'अजून थोडंसं' म्हणजेच खूप.

म्हणून डिपस्टिक, म्हणजे ऑइलची लेव्हल बघायची काडी. मशीन सपाट जमिनीवर ठेवा, पार्किंगच्या रॅम्पवर नको. काडी पुसा, घाला, काढा, बघा. आणि इथेच सगळे फसतात: काही इंजिनांत काडी नुसती टेकवून लेव्हल बघायची असते, काहींत आटे पूर्ण आवळून. उलटं केलंत की लेव्हल चुकीची दिसते आणि तुम्ही पुन्हा ओतता. तुमच्या मशीनचं कसं, ते मॅन्युअलच सांगेल. शेजारच्या सोसायटीतला माणूस नाही.

ज्यांचं आधीच जास्त झालंय त्यांनी मेडिकलमधून मोठी सिरिंज आणा, पुढे बारीक नळी लावा आणि थोडं थोडं ओढून काढा. दर वेळी काडी पुसून बघा. स्पंजचा फिल्टर साबणाच्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळवा, कागदी असेल तर सरळ नवा टाका. सुरू केल्यावर थोडा वेळ धूर येईलच, सायलेन्सरमध्ये साचलेलं ऑइल जळत असतं. त्यानंतरही थांबला नाही तर मला मॉडेल नंबर लिहून पाठवा. नुसतं "दादा धूर येतोय" यावर मी काय सांगू?