उजवीकडे ओढणारा डोझर

(दृश्य: मातीचा ढीग ढकलणारा जुना चेन डोझर)

उजवी चेन बघत राहा. रिकामा चालताना डोझर सरळ जातो. ब्लेडपुढे माती साठली, लोड आला, की उजवीकडे ओढायला लागतो. ऑपरेटरने लिव्हरला हातही लावलेला नाही. आणि खरंच उजवीकडे वळायचं असतं तेव्हा लिव्हर पूर्ण मागे, ब्रेकवर पाय, तरी वळण लांबलचक.

त्यातच दुसरं दुखणं. इंजिन गरम झालं की ऑइल प्रेशरचा काटा खाली बसतो. दोन्ही एकदम म्हटल्यावर बघ्यांनी मशीन केव्हाच भंगारात काढलंय. मिस्त्रींनी अजून पाना उचललेला नाही.

(दृश्य: दोन लिव्हर, दोन पेडल)

या मशीनला स्टिअरिंगचं चाक नाही. १९०४ च्या नोव्हेंबरात कॅलिफोर्नियात स्टॉकटनजवळच्या मऊ जमिनीत बेंजामिन होल्ट यांनी वाफेच्या ट्रॅक्टरची मागची चाकं काढून लाकडी फळ्यांचे पट्टे बसवले. वळवायचं काम मात्र पुढच्या चाकाकडेच राहिलं. हे पुढचं चाक गेलं ते नंतर, आणि वळवणं चेनवर आलं. उजवा लिव्हर ओढला की उजव्या चेनची ताकद क्लच तोडतो, डावी चालत राहते, मशीन उजवीकडे वळतं. ब्रेक दाबला की उजवी चेन जागेवर थांबते आणि मशीन तिच्याभोवती फिरतं.

(दृश्य: उतार)

इथे मात्र गंमत बघा. उतारावर, ब्रेक न दाबता उजवा लिव्हर ओढलाय आणि मशीन चाललंय डावीकडे. उजवी चेन मोकळी सुटून पुढे पळते, डावीला इंजिन धरून ठेवतं. हा बिघाड नाही. नवखा ऑपरेटर याच जागी घाबरतो आणि लिव्हर आणखी ओढतो.

(दृश्य: मशीनखाली झोपलेले मिस्त्री, ड्रेन प्लग)

आता उजव्या क्लचचा कप्पा. या मशीनचे क्लच कोरडे चालतात, म्हणजे प्लग काढल्यावर फार तर थोडी धूळ पडायला हवी. पडतंय काय, ते बघा. काळं, दाट ऑइल, धार तुटत नाही.

क्लच प्लेट आणि ब्रेक बँड एकाच कप्प्यात. दोन्ही ऑइलने माखलेले. म्हणून लोड आला की प्लेट घसरते, आणि ब्रेक दाबला की बँड घसरतो. दोन तक्रारी, कारण एकच. ऑइल आत येतं एकतर आतल्या बाजूच्या सीलमधून, म्हणजे ताकद दोन्हीकडे वळवणाऱ्या बेव्हल गिअरकडून, नाहीतर बाहेरच्या, म्हणजे चेन फिरवणाऱ्या शेवटच्या गिअरकडून, फायनल ड्राइव्हकडून. मिस्त्री दोन्हीकडची लेव्हल बघतात. फायनल ड्राइव्हची उतरलीय.

प्लग लावून कप्प्यात केरोसीन, मशीन मागे-पुढे, लिव्हर सारखा ओढ-सोड, मग निचरा. असं तीनदा. धुण्याने काही दिवस निघतात, सील बदलावंच लागतं. ते बदललं, तो पूर्ण दिवस कॅमेरा तिथे नव्हता.

(दृश्य: गेजचा काटा, जवळून)

ऑइल प्रेशर. पहिला संशय गेजवरच, कारण ते बदलायला सगळ्यात सोपं. दुसरं गेज जोडलं, काटा तिथेच. मग डिपस्टिक. लेव्हल खुणेच्या वर. कमी असती तर समजलं असतं, जास्त कशी? मिस्त्री बोटावर ऑइल चोळतात, नाकाशी नेतात. डिझेल. डिझेल पुरवणाऱ्या फीड पंपाचं सील गेलंय, डिझेल इंजिनखालच्या ऑइलच्या चेंबरमध्ये उतरतंय, ऑइल पातळ झालंय.

ऑइल पंप प्रेशर तयार करत नाही, तो फक्त ऑइल ढकलतो. पुढे अरुंद फटीतून जाताना ते अडतं, तेव्हा प्रेशर येतं. पाण्याच्या नळीच्या तोंडावर बोट धरल्यासारखं. ऑइल पातळ झालं किंवा बेअरिंग झिजून फट वाढली, की बोट काढून घेतल्यासारखं होतं.

सील बदललं, ऑइल बदललं. काटा उठला, पण थोडाच. जादा प्रेशर सोडणारा रिलीफ व्हॉल्व्ह काढून पाहिला, स्वच्छ. चेंबर उतरवून जाळी पाहिली, तीही मोकळी.

(दृश्य: कापलेला फिल्टर, पांढऱ्या फडक्यावर उलगडलेला कागद)

घडी-घडीत चमकणारे कण. मिस्त्री वरून लोहचुंबक फिरवतात. एकही चिकटत नाही. म्हणजे लोखंड नाही, बेअरिंगचा धातू आहे. हे बेअरिंगचे शेल, क्रँकभोवती बसणाऱ्या अर्धगोल पट्ट्या. वरचा राखाडी थर गेलाय, तांबूस रंग उघडा पडलाय. क्रँकवर नख फिरवलं, कुठे अडलं नाही. क्रँक वाचलाय.

असंच चालवत राहिलं असतं तर क्रँक गेला असता, कदाचित रॉड ब्लॉक फोडून बाहेर आला असता.

(दृश्य: नवे शेल, टॉर्क रेंच, एकेक बोल्ट)

दोन आठवड्यांनंतर. इंजिन गरम, आयडलिंगवर. काटा बघा.

ब्लेडपुढे माती आहे. ऑपरेटरचे दोन्ही हात मांडीवर.