फिश थाळीचा रिव्ह्यू करताय? आधी हुमणाची वाटी बघा

नमस्कार मंडळी!

पणजीत दुपारी एकच्या सुमाराला कुठल्याही खाणावळीत बघा. थाळी टेबलावर आली की मोबाइल बाहेर येतो आणि फोटो निघतो तो फ्रायचा. मग रिव्ह्यूही तसाच पडतो: "बांगडा कुरकुरीत, मजा आली, नक्की जा." हे वाचून जाणाऱ्याला काय कळतं? तो पावसाळ्यात सोमवारी तीन वाजता जातो, त्याला वेगळंच काहीतरी वाढलं जातं आणि तो म्हणतो, रिव्ह्यू खोटा होता.

आज बोलूया थाळी चाखायची कशी आणि तिच्याबद्दल सांगायचं काय, यावर. आमचं मत आधीच सांगून टाकतो. थाळीची खरी परीक्षा हुमणात, म्हणजे नारळाच्या वाटणातल्या माशाच्या कडीत आहे. फ्राय तव्यावर दहा मिनिटांत होतो, जरा मन लावलं तर कुणालाही जमतो. हुमणात मात्र सकाळी नारळ फोडल्यापासूनचं सगळं काम उतरतं आणि त्यात कुठेही घाई केली तर ती वाटीत दिसते.

(हुमणाची वाटी कॅमेऱ्याजवळ)

ही वाटी बघा. आल्या आल्या ढवळू नका. पाच मिनिटं तशीच राहू द्या, तोवर भात वाढून होतो. पाच मिनिटांनी कडेला बघा. वाटण गंधासारखं बारीक असेल तर हुमण एकजीव राहतं, वरपासून खालपर्यंत एकच रंग. वाटण जाडसर राहिलं असेल तर कडेला पाण्याची रेघ सुटते आणि खोबरं तळाला बसतं. चमचा तळातून फिरवलात तर हाताला रवाळ लागतं. याची कारणं दोन. एकतर वाटण मिक्सरमध्ये घाईनं काढलेलं असतं, किंवा गिऱ्हाईक वाढलं म्हणून शिजलेल्या हुमणात वरून पाणी ओतलेलं असतं. पातळ हुमण म्हणजे वाईट हुमण, असं मात्र समजू नका. अनेक घरांत ते पातळच करतात. पातळ असून एकजीव असेल तर ते करणाऱ्याचा हात चांगला आहे.

आता वरचा तेलाचा तवंग. नारळ उकळला की थोडं तेल सुटतंच, लाल ठिपके दिसले तर काही बिघडलेलं नाही. पण तेलाचा जाड थर आणि खाली फाटल्यासारखं दाणेदार हुमण दिसलं, तर ते पुन्हा पुन्हा खळखळून गरम केलंय. अडीच-तीनला जाणाऱ्यांना हे हमखास मिळतं. म्हणून रिव्ह्यूमध्ये वेळ लिहायलाच हवी. साडेबाराचं हुमण आणि पावणेतीनचं हुमण एकाच टोपातलं असलं तरी चवीनं वेगळं असतं.

पहिला घास भाताशिवाय घ्या. नुसतं हुमण, अर्धा चमचा. फ्राय, लोणचं, सोलकढी, काहीही त्याआधी नको, कारण तिखटाचा फ्राय एकदा जिभेवर आला की नारळाची बारीक चव कळत नाही. जिभेवर तीन गोष्टी शोधा. एक, कच्च्या धण्याचा किंवा कच्च्या खोबऱ्याचा वास येतो का. येत असेल तर वाटण नीट उकळलेलं नाही. दोन, आंबटपणा कशाचा आहे. आणि तीन, माशाची चव उतरलीय का. ही तिसरी फार महत्त्वाची. घाईच्या वेळी काही ठिकाणी मासा वेगळा शिजवून ठेवतात आणि वाढताना वरून कडी ओततात. मासा ताजा, कडीही बरी, पण दोघांची ओळखच झालेली नसते.

आंबटपणाकडे जरा नीट बघू. बांगड्याच्या, तारल्यांच्या हुमणात सोलं किंवा चिंच आणि त्यात तिरफळं, म्हणजे जिभेला झोंबणारी वासाची मसाल्याची फळं. सुंगटांच्या, म्हणजे कोळंबीच्या हुमणात आंबाडे, कैरीच्या दिवसांत कैरी. आता सोलं म्हणजे भिरंडाच्या, अर्थात कोकमाच्या, साली मीठ लावून वाळवलेल्या. त्यांचं मीठ हिशेबात न धरता कुणी नेहमीच्या अंदाजानं मीठ घातलं की हुमण खारट होतं, आणि ते खारटपण घास गिळल्यावर उशिरा कळतं. चिंच जास्त पडली तर रंग तपकिरीकडे झुकतो आणि नारळाचा गोडवा दबतो.

तिरफळाचं तंत्र वेगळं. आतली काळी बी काढून टाकायची, कारण कडवटपणा तिच्यातून येतो. वरचं टरफल थोडं ठेचून शेवटी घालायचं. ते चावायचं नसतं, वाटीच्या कडेला काढून ठेवायचं. वाटीत काळ्या बिया तरंगताना दिसल्या तर तसं लिहा. हे काम घरी दोन मिनिटांचं असतं, पण मोठ्या टोपासाठी बसून करायला माणूस लागतो, आणि ज्या खाणावळीत तो बसवलाय तिथलं बाकीचं जेवणही बहुतेक नीट असतं.

एक सावधगिरी. ख्रिस्ती घरच्या पद्धतीचं जेवण देणाऱ्या जागी सारस्वती हुमणाची फूटपट्टी लावू नका. तिथे लसूण, जिरं आणि माडाच्या सुरेचं व्हिनेगर येतं, माशाला लावायच्या लाल रेशाद मसाल्याला झणका त्याच व्हिनेगरचा असतो. आंबट-तिख नावाच्या माशाच्या कडीत तर नारळच नसतो. "हुमणात नारळ कमी" असा शेरा आंबट-तिखाला देणारे रिव्ह्यू सर्रास दिसतात, आणि त्यानं चांगल्या स्वयंपाकघरावर अन्याय होतो.

भाताचं थोडक्यात. उकडा भात मिळतो का ते विचारा, काही जागी मागितल्यावरच देतात. एक शीत दोन बोटांत दाबा. मधे पांढरा टणक ठिपका राहिला तर भात कच्चा आहे. शीत लांबीला फाटून मऊ झालं असेल तर तो जास्त शिजलाय किंवा पेजेत पडून राहिलाय.

आता फ्राय.

(बांगडा मधोमध उघडून दाखवताना)

बांगड्याच्या मधल्या काट्यावरून मांस कसं सुटतं ते बघा. ताजा असेल तर मोठ्या पाकळ्या निघतात, ओलसर, चकाकणाऱ्या. शिळ्याचं मांस पिठासारखं भुगा होतं किंवा लगद्यासारखं बोटाला चिकटतं, आणि पोटाकडचे बारीक काटे मांस सोडून सैल पडलेले असतात. बर्फात फार दिवस राहिलेल्या इसवणाची, म्हणजे सुरमईची, तुकडी कापसासारखी कोरडी लागते, घास चावावा तितका तोंडात वाढतो.

रवा का गळून पडतो? मीठ-मसाला लावून मासा पंधरा-वीस मिनिटं ठेवला तर ठीक. तासन् तास ठेवला तर मीठ माशातलं पाणी ओढून बाहेर काढतं, त्या पाण्यावर रवा चिकटत नाही, ओला होऊन तव्यावर पापुद्रा सुटतो. तेल पुरेसं तापलेलं नसलं की तोच रवा तेल पितो. बोटाला तेल लागलं आणि ताटात डाग पडला की समजा. काळे कण आणि घशात खवखव म्हणजे आधीच्या तळणाचा जळका रवा त्याच तेलात आहे. आणि रव्याचा थर माशाच्या मानानं फार जाड असेल तर लहान तुकडी मोठी दाखवायचा तो प्रकार.

तुकडी कुठली आली तेही सांगा. इसवणाची पोटाकडची तुकडी घोड्याच्या नालासारखी दिसते आणि रसदार असते. शेपटीकडची लहान, गोल आणि कोरडी. एकाच थाळीत एकाच दरात दोन टेबलांवर या दोन वेगळ्या तुकड्या जातात. मेन्यूवर नुसतं "फिश फ्राय" असेल तर मासा कुठला ते नाव विचारा. पांढरा, मऊ, एकही काटा नसलेला आणि चवच नसलेला तुकडा आला तर तो बासा असण्याची शक्यता मोठी. बासा विकणं हा गुन्हा नाही. इसवणाच्या नावानं विकणं ही फसवणूक आहे.

इथे एक गोष्ट गंभीरपणे ऐका. बांगडा, तारले, इसवण, कुपा (ट्यूना) खाताना जीभ चुरचुरली, मिरी चावल्यासारखी झोंबली आणि ती मसाल्याची झोंब वाटली नाही, तर तिथेच थांबा. असे मासे पकडल्यावर पुरेसे थंड ठेवले नाहीत तर त्यांच्यात हिस्टामीन तयार होतं. ते तळून जात नाही, उकळून जात नाही, आणि माशाला वास येईलच असंही नाही. काही मिनिटांपासून दोनेक तासांत चेहरा लाल होणं, डोकं दुखणं, अंगाला खाज सुटणं असं होऊ शकतं. श्वासाला त्रास झाला तर लगेच डॉक्टरकडे जा आणि कुठला मासा खाल्ला ते सांगा. खाणावळीच्या माणसालाही तेव्हाच सांगा, म्हणजे उरलेला मासा पुढच्या टेबलावर जाणार नाही.

बाजूच्या वाट्या पटकन. सोलकढीचा खरा रंग फिका, जरा जांभळट गुलाबी. फ्लॉरेसंट गुलाबी दिसली तर रंग कशाचा ते विचारायला लाजू नका. नारळाचं दूध आणि आगळ, म्हणजे कोकमाचा खारवलेला रस, एकत्र करून फार वेळ ठेवलं की ते फाटतं, ग्लासाच्या आतल्या बाजूला कण चिकटलेले दिसतात. तिसऱ्यांत वाळू कचकचली तर त्या मिठाच्या पाण्यात पुरेशा ठेवल्या नव्हत्या. शिंपली उघडलेलीच नसेल तर ती खाऊ नका. आणि किस्मूर! सुकी सुंगटं कुरकुरीत भाजून आयत्या वेळी खोबऱ्यात कालवायची असतात. मऊ पडलेलं किस्मूर म्हणजे सकाळीच कालवून ठेवलेलं. एवढीशी वाटी, पण ज्या ठिकाणी किस्मूर कुरकुरीत येतं तिथे आमचा विश्वास बसतो.

आता तारीख. गोव्यात १ जून ते ३१ जुलै, म्हणजे ६१ दिवस, यांत्रिक मासेमारी बंद असते. मांडवीपलीकडे मालीमच्या जेटीवर ट्रॉलर बांधलेले असतात. या दिवसांत मिळणारा इसवण एकतर बर्फातला किंवा बाहेरून आलेला. त्या काळात शहाणपणानं मागवायचं ते नदी-खाडीतलं: शेवटे, काळुंदर, खाडीची सुंगटं. किंवा सरळ सुकं: खारे बांगडे, किस्मूर. जुलैतल्या थाळीची डिसेंबरातल्या थाळीशी तुलना करून "दर्जा घसरला" लिहिणं बरोबर नाही.

वारही लिहा. सोमवारी बरीच हिंदू घरं मासे खात नाहीत, श्रावणात तर महिनाभर. गिऱ्हाईक कमी म्हणजे आणलेला मासा दुसऱ्या दिवसावर जायची शक्यता जास्त. चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या दिवसांत अनेक खाणावळी बंदच असतात, तेव्हा फोन करून जा.

बिलाकडे या. थाळीचा दर लिहिताना त्यात काय काय होतं तेही लिहा: फ्राय कुठला, हुमण आणि भात पुन्हा वाढतात का, सोलकढी धरून की वेगळी. पापलेट, चोणक अशा अख्ख्या माशांसमोर मेन्यूत दर नसतो, "साइझप्रमाणे" असं असतं. मागवायच्या आधी मासा बघायला मागा आणि एकच प्रश्न विचारा: हे वजन साफ करण्याआधीचं की नंतरचं? भांडणं इथेच होतात.

साध्या रेस्टॉरंटच्या बिलावर जीएसटी ५ टक्के. ४०० रुपयांच्या जेवणावर २० रुपये. कम्पोझिशन योजनेतला, म्हणजे छोट्या व्यावसायिकांसाठीच्या सोप्या कर योजनेतला, दुकानदार गिऱ्हाइकाकडून जीएसटी वेगळा घेऊच शकत नाही. बिअर किंवा उर्राक घेतली तर दारू जीएसटीत येत नाही, तिचा हिशेब वेगळा. सर्व्हिस चार्ज सक्तीचा नाही, जुलै २०२२ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं तशी मार्गदर्शक तत्त्वं काढली आहेत. बिलात आपोआप आला असेल तर काढून द्यायला सांगा. ऐकलं नाही तर ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५.

काही खटकलं तर लिहिण्याआधी वाढणाऱ्याला सांगा, आणि त्यानं काय केलं तेही रिव्ह्यूत येऊ द्या. रवा गळाला म्हणून दुसरी तुकडी आणून देणारी जागा आणि तोंड फिरवणारी जागा एकाच ताऱ्यात मोजायची का?

हे सगळं लिहायला पान भरावं लागत नाही. नमुना म्हणून बघा, एवढंच पुरे:

"बुधवार, नोव्हेंबरचा दुसरा आठवडा, दुपारी पाऊण. बांगडा थाळी. हुमण पातळ पण एकजीव, तिरफळाचा वास छान, मीठ किंचित जास्त, बहुतेक सोलांचं. वाटीत तुकडा नव्हता, मागितल्यावर दिला. बांगडा मध्यम, पाकळ्या सुटत होत्या, रवा एका बाजूनं गळालेला. उकडा भात मागावा लागला. किस्मूर मऊ. सोलकढी वेगळी, दर थाळीत धरलेला नाही. सर्व्हिस चार्ज लावला नाही. दीडनंतर बाहेर रांग होती."